ओल्या की कोरड्या

लाइल पास्को सकाळी उठायचा म्हणजे एकदम उठून उभा राहायचा नाही. आधी कुशीवर वळायचा, मग पाय खाटेवरून खाली सोडायचा, मग हात आणि गुडघे जमिनीवर टेकून रांगत्या बाळासारखा थोडा वेळ तसाच थांबायचा. त्यानंतर खाटेचा लोखंडी दांडा धरून एकेक मणका जागेवर बसवत वर यायचा. हे सगळं शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा बेताने चालायचं. दांडा करकरला की लाइल मोठ्याने खोकायचा. मेंढ्या कातरणाऱ्यांच्या बराकीच्या भिंती पत्र्याच्या असतात, पलीकडचा कुशीवर वळला तरी कळतं. पलीकडे रॉस केटल झोपायचा आणि तोही बरोबर त्याच वेळी मोठ्याने खोकत असायचा. या खोकल्याचा अर्थ लाइलच्या डोक्यात तीस वर्षांत शिरला नाही. रॉसला दमा असावा, असं त्याने धरून ठेवलं होतं.

‘मोडेन पण वाकणार नाही’ असं ज्याला म्हणायचं असेल त्याने या धंद्यात पडू नये. इथे माणूस आधी वाकतो आणि मग मोडतो. सकाळी घंटा झाली की कमरेत वाकायचं, वाड्यातून मेंढी ओढत आणायची, तिला बसती करून गुडघ्यांत धरायची आणि वरून लोंबणारं मशीन हातात घेऊन अंगावरची सगळी लोकर रजईच्या खोळीसारखी अखंड उतरवायची. ती सुटली की दुसरी. मधे सरळ व्हायला कोणी बंदी केलेली नाही, पण सरळ होताना जास्त दुखतं आणि पैसे मेंढीमागे मिळतात. त्यामुळे चहाच्या सुट्टीपर्यंत सगळे वाकलेलेच असतात, आणि चहासुद्धा पुष्कळजण वाकूनच पितात.

लाइलचा बाप ऑली या कामात पासष्टीपर्यंत टिकला. टिकला म्हणजे काय, तर काटकोनात टिकला. या मुलखात तांबड्या केसांच्या माणसाला ‘निळ्या’ म्हणतात आणि धिप्पाड माणसाला ‘बारक्या’, तेव्हा ऑलीचं नाव ‘ओळंबा’ पडलं यात नवल नव्हतं. शेवटी शेवटी गावात कोणी भेटलं की ऑली त्याला आधी बुटांवरून ओळखायचा. तो निवृत्त झाला, ओसरीवर खुर्ची मांडून बसला आणि पुढच्या हिवाळ्याच्या आत मेला. पेटीत त्याला सरळ निजवायला दोन माणसं लागली. लाइल तेव्हा दाराआड उभा होता. तिथेच त्याने मनाशी ठरवलं की आपण लवकर सोडायचं. पन्नाशीला मशीन खुंटीला टांगायचं.

पन्नाशी आली आणि गेली. पंचावन्नही गेलं.

शहरातली माणसंही हल्ली उठसूट लवकर निवृत्त व्हायचं म्हणतात. कोणाला होडी घ्यायची असते, कोणाला द्राक्षं लावायची असतात, कोणाला नुसतंच साहेबाचं तोंड बघायचं नसतं. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही, ज्याचं जळतं त्याला कळतं. पण लाइलला यातलं काहीच नको होतं. त्याला बालरॅनल्ड गावातल्या आपल्या घराच्या ओसरीवर ताठ उभं राहायचं होतं. उभं राहून पुढे काय करायचं, याचा विचार त्याने केलेला नव्हता. नोलीनच्या, म्हणजे बायकोच्या, बाजूला उभं राहायचं, एवढंच. तरुणपणापासून तो सोमवारी मेंढ्या कातरायच्या शेडवर जायचा, शुक्रवारी परतायचा, लांबची शेड असली तर महिना महिना यायचा नाही. नोलीन गावच्या बेकरीत पहाटे भट्टी लावायची. दोघांनी मिळून दोन पोरी वाढवल्या आणि लग्न करून दिल्या, पण एका घरात सलग राहून पाहिलं नव्हतं.

“या हंगामात सोडतो,” बुलकाराच्या शेडवर निघायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला.

“मागच्या हंगामातही सोडलं होतंस,” नोलीन म्हणाली. ती त्याचे मोजे गुंडाळून पिशवीत भरत होती.

“मागच्या वेळी रॉसचा खांदा धरला होता. त्याला एकट्याला कसा टाकणार?”

“आणि त्याच्या मागच्या?”

“तेव्हा ग्वेंडाला ठेक्यावर माणूसच मिळत नव्हता.”

“म्हणजे ग्वेंडाला माणूस मिळेल तेव्हा मला नवरा मिळेल.” नोलीनने पिशवीची चेन ओढली. “हे बघ लाइल, मी बेकरीत सांगून टाकलंय. या शनिवारची माझी शेवटची भट्टी. तू आलास तर दोघं निवृत्त, नाही आलास तर मी एकटी.”

“येतो. शुक्रवारी शेड संपतेय. शनिवारी दुपारी मी दारात उभा असेन, आणि ताठ उभा असेन. बापासारखा नाही येणार मी.”

“बघू,” नोलीन म्हणाली. तिने हे बोलणं पुष्कळदा ऐकलं होतं, पण या वेळी त्याच्या तोंडचा बापाचा उल्लेख तिला नवा होता.

सोडतो असं तिला सांगणं सोपं होतं. शेडमध्ये सांगणं कठीण. या धंद्यात त्यासाठी शब्दच नाही. शेड संपली असं म्हणतात, मेंढ्या संपल्या असं म्हणतात, माणूस संपला असं कोणी म्हणत नाही. कोणी रुग्णवाहिकेतून जातो, कोणी दारूच्या गुत्त्यात जातो आणि सोमवारी परत येत नाही. पण दुपारच्या चहाला उभं राहून ‘मला झेपत नाही, मी घरी चाललो’ असं म्हणणारा माणूस लाइलने पाहिला नव्हता. तसं म्हणणाऱ्याची काय दशा झाली असती हे मात्र त्याला माहीत होतं, कारण दुसऱ्यांची टर उडवण्यात तो स्वतःही कधी मागे नव्हता. शिवाय रॉस होता. रॉस केटल तीस वर्षं त्याच्या शेजारच्या जागेवर मेंढ्या कातरत होता. तो युनियनचा शेडमधला प्रतिनिधी, एकसष्टीचा, नियम म्हणजे नियम म्हणणारा. त्याच्या शेजारची जागा रिकामी करून जाणं लाइलला घर जळत असताना पाणी न टाकता निघून जाण्यासारखं वाटत होतं.

बुलकाराला पाच कातरणारे होते. लाइल, रॉस, न्यूझीलंडहून दर हंगामाला येणारा हेमी, साडेसहा फुटांचा बारक्या, आणि कोरी. कोरी सत्तावीस वर्षांचा. शेडमधला सगळ्यांत वेगवान, आणि त्याला ते माहीत होतं. ग्वेंडा स्ट्राउड ठेकेदारीण. तिचा आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा होता आणि मन तसं वाईट नव्हतं.

बुधवारी सकाळी धुकं होतं. रात्री थोडी भुरभुरही झाली होती. मेंढ्या मात्र आदल्या संध्याकाळपासून शेडच्या छपराखाली कोंडलेल्या होत्या. लाइल त्या दिवशी दांडा धरून तीनदा उठायला गेला आणि दोनदा परत गुडघ्यांवर आला. कसाबसा शेडपर्यंत पोचला. घंटा व्हायला अवकाश होता, तेवढ्यात वाड्यात हात घालून उभा असलेला कोरी म्हणाला, “मला या ओलसर वाटतायत.”

बारक्या हसला. “तुझ्या नाकाचा शेंबूड असेल तो.”

“मत घ्या,” कोरी म्हणाला.

ग्वेंडा तरातरा पुढे आली. “कसलं मत? छपराखाली होत्या सगळ्या! या ओल्या असतील तर मी मासा आहे.”

“ग्वेंडा, एकाने मागितलं तरी मत घ्यावं लागतं,” रॉस म्हणाला. “आणि तुला त्यात बोलता येत नाही. तू जरा बाहेर जाऊन माशासारखी पोहून ये.”

ओल्या-कोरड्याचं मत ही या लोकांची आजोबा-पणजोबांपासूनची चाल. ओली मेंढी कातरली की तिचं पाणी कातरणाऱ्याच्या कपड्यांत मुरतं, अंगाला गळवं येतात, सांधे धरतात. म्हणून शंका आली की प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरायच्या, मग कागदाच्या कपट्यावर ‘ओल्या’ किंवा ‘कोरड्या’ एवढंच लिहायचं आणि घडी घालून टोपीत टाकायचं. बहुमत ओल्याचं झालं तर त्या दिवशी काम बंद. मालक असो की ठेकेदार, कोणी चकार शब्द काढायचा नाही आणि कोणी काय लिहिलं हे कोणी कोणाला विचारायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मात्र ती मूठ खरी हवी. कोरड्या मेंढ्यांना आळसापोटी ‘ओल्या’ लिहिणं म्हणजे सोबत्यांचा दिवस खाणं, आणि असा माणूस चोराहून हलका. ऑली सांगायचा, “बायकोशी खोटं बोल, पाद्र्याशी बोल, पण त्या टोपीत खोटं टाकू नकोस.”

लाइलची पहिली मेंढी कशीतरी निघाली. दुसरीच्या वेळी, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून मशीन लांब फिरवताना, त्याच्या कमरेत आधी काहीतरी गार झालं आणि मग पेटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने मेंढी सोडली, भिंतीला हात लावून उभा राहिला आणि शर्टाच्या बाहीवर तोंड पुसल्याचं नाटक केलं. तळवा नाकाशी नेला. लोकरीचा मेणचट वास, बाकी कोरडा ठणठणीत. मेंढ्या कोरड्या आहेत हे त्याला स्वतःच्या नावाइतकं स्वच्छ ठाऊक होतं. अजून एक मेंढी ओढली तर आपण जमिनीवरून उठणार नाही, हेही तेवढंच स्वच्छ ठाऊक होतं. त्याने कपट्यावर ‘ओल्या’ लिहिलं.

रॉसने टोपीतून एकेक कागद काढून वाचला. कोरड्या. ओल्या. ओल्या. कोरड्या. शेवटचा उघडायला त्याने जरा वेळ लावला. ओल्या.

“ओल्या?” ग्वेंडा दारातून ओरडली. “या? अरे माझी जीभ यांच्यापेक्षा ओली आहे!”

“ते दिसतंच आहे,” रॉस म्हणाला. “मत झालं. मेंढ्या सोडा.”

रात्रभर कोंडलेल्या भुकेल्या मेंढ्या माळावर सोडून दिल्या. बुलकाराचा मालक आपल्या पिकअपला टेकून बघत राहिला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं लाइलला वाटलं.

तो दिवसभर खाटेवर पडून राहिला. पाठीला आराम पडत होता आणि मनाला बिलकूल नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. बाहेर कोणी हसलं की आपल्यालाच, आणि कोणी गप्प झालं की आपल्यामुळेच. जेवणाच्या वेळी मटणाची ताटली पुढे घेऊन हेमी धुसफुसत होता.

“समुद्र ओलांडून मेंढ्या कातरायला आलोय मी. खाटेवर लोळायला घरी माझी स्वतःची खाट आहे.”

“म्हणजे तू कोरड्या लिहिलंस तर,” बारक्या म्हणाला.

“ते विचारायचं नसतं.”

“विचारलं कुठे? तूच भोंगा लावून सांगतोयस.”

सगळे हसले. लाइल हसला नाही हे आपल्याच लक्षात येऊन तो मागाहून हसला, आणि ते फार वाईट दिसलं. रॉस ताटलीत बघत डाव्या हाताने जेवत होता. कोरी जेवायला आलाच नव्हता.

मग दुपारी आभाळ उत्तरेकडून काळं होत आलं आणि पाऊस लागला. भुरभुर नव्हे, खरा पाऊस. मेंढ्या उघड्या माळावर, मताप्रमाणे सोडलेल्या. आता त्या खरोखरच ओल्या झाल्या, लोकरीच्या मुळापर्यंत. गुरुवारी पाऊस, शुक्रवारीही पाऊस. या भागातली माती काळी. ती भिजली की रस्ता रस्ता राहत नाही, चाकाला धरून बसते आणि सोडत नाही. शेडचं काम अर्धवट पडलेलं, रस्ता बंद, आणि पाच माणसं पत्र्याखाली एकमेकांची तोंडं बघत बसलेली. बुधवारी काम झालं असतं तर गुरुवारी-शुक्रवारी छपराखालच्या कोरड्या मेंढ्यांत शेड उरकली असती. हे सगळ्यांना कळत होतं.

शनिवारी दुपारी लाइलने मालकाच्या घरून नोलीनला फोन केला.

“रस्ता बंद आहे,” तो म्हणाला.

“ऐकलं मी रेडिओवर. बेकरीत केक कापला. तुझा तुकडा ठेवलाय.”

“पाऊस थांबला की दोन दिवसांत मेंढ्या सुकतील. मग शेड संपली की—”

“लाइल, मी रागावलेले नाही,” नोलीन म्हणाली, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. “केक फ्रीजमध्ये आहे. टिकतो तो.”

फोन ठेवून तो चिखल तुडवत सरळ शेडमध्ये गेला. रॉस मशीनच्या कात्र्यांना धार लावत होता. चाकावरून ठिणग्या उडत होत्या. लाइल लोकरीच्या गठ्ठ्याला टेकून उभा राहिला.

“रॉस, बुधवारी टोपीत एक कागद खोटा होता.”

“ते विचारायचं नसतं.”

“तू विचारत नाहीयेस, मी सांगतोय. माझा होता. पाठ धरली होती. मेंढ्या कोरड्या होत्या आणि मी ओल्या लिहिलं. माझ्या एका मतामुळे पारडं फिरलं. आता तू सगळ्यांना सांग किंवा मी सांगतो.”

रॉसने चाक बंद केलं. ते पूर्ण थांबेपर्यंत तो चाकाकडेच बघत राहिला.

“तुझ्या एका मतामुळे नाही फिरलं,” तो म्हणाला. “एक माझं होतं.”

“तुला ओल्या वाटल्या?”

“ओल्या? शिळ्या पावासारख्या सुक्या होत्या त्या. खांदा, लाइल. दुसऱ्या मेंढीला हात वरच जाईना. मशीन डाव्या हाताने ओढून खाली घेतलं मी.”

“अरे पण तू प्रतिनिधी!”

“म्हणून तर. माझ्यावर कोण संशय घेणार?” रॉस हसला, पण आवाज निघाला नाही. “सकाळी उठताना मी खोकतो तो काय हौस म्हणून?”

लाइलने बोटांवर कागद मोजले. मग तो म्हणाला, “म्हणजे ओल्यांतला खरा कागद एकच. कोरीचा.”

“कोरीचा?” रॉस म्हणाला. “त्या सकाळी चहाचा मग त्याच्या हातातून पडला ते पाहिलंस? बोटं बधिर होतात त्याची. पकड राहत नाही. मत त्यानेच मागितलं ना? मागच्या महिन्यात मला बाजूला घेऊन विचारत होता, ‘रॉस, किती वयाला सोडलं तर लोक हसत नाहीत?’ सत्तावीस वर्षांचा आहे तो. मी म्हटलं, मला कळलं की तुला सांगतो.”

पाच माणसांनी मेंढ्यांना हात लावून बघितलं होतं आणि त्यातल्या तिघांनी मत दिलं होतं ते स्वतःबद्दल. ‘दमलो’ हा शब्द त्यांना येत नव्हता, म्हणून त्यांनी ‘ओल्या’ लिहिलं. मेंढ्यांना यातलं काही कळलं नाही. त्या बाहेर भिजत होत्या.

“मी या शेडनंतर सोडणार आहे,” लाइल म्हणाला. एकदा तोंड उघडलं होतं तर सगळंच बाहेर येऊ दे असं त्याला झालं. “कधीच सोडलं असतं. पन्नासला सोडणार होतो. पण तू होतास. तुझा खांदा असा, शेजारी कोणी नवखा आला असता तर तुला सांभाळून कोणी घेतलं असतं? म्हणून मी एकेक हंगाम...”

रॉस त्याच्याकडे असा बघायला लागला की लाइल बोलायचा थांबला.

“गाढवा,” रॉस अगदी हळू म्हणाला. “मी तुझ्यासाठी थांबलो होतो.”

“माझ्यासाठी?”

“बेरिल म्हणायची, सोड आता. मी तिला म्हणायचो, लाइल त्याच्या बापाच्या वाटेने चाललाय, तो पडला तर उचलायला शेजारी आपलं माणूस हवं. तो आधी जाऊ दे, लगेच मागोमाग येतो. बारा वर्षं वाट बघतोय मी तुझी. तू सोडशील म्हणून. दर वर्षी वाटायचं, या खेपेला सोडेल. आणि दर वर्षी सोमवारी तू आपला पिशवी घेऊन हजर.”

लाइल खाली बसला. बेरिल, रॉसची बायको, जाऊन दोन हिवाळे झाले होते.

“ती गेली तेव्हा आपण विल्कॅनियाकडच्या शेडवर होतो,” रॉस म्हणाला. “निरोप आला तेव्हा माझ्या हातात अर्धी कातरलेली मेंढी होती. मी ती पुरी केली, लाइल. पुरी केली, सोडली आणि मग मशीन बंद केलं. तेव्हापासून मला कोणी सोड म्हणत नाही, आणि आता सोडून मी जाऊ कुठे?”

दोघं मित्र गठ्ठ्याला टेकून बसले. एकमेकांना सांभाळता सांभाळता त्यांनी एकमेकांचं वाटोळं केलं होतं. यात दोष कोणाला देणार? दोघंही चांगले होते, हीच तर रड होती.

“रस्ता उघडला की तू जा,” शेवटी रॉस म्हणाला. “नोलीन आहे तोवर जा. शेड आम्ही चौघं उरकू.”

“अर्धी शेड टाकून?” लाइल म्हणाला. “ते नाही होणार.”

रॉसने जोर केला नाही. अर्धी शेड टाकून तोही गेला नसता.

सोमवारी ऊन पडलं. मेंढ्या सुकायला अजून दोन दिवस गेले. मग ग्वेंडाने घाई लावली, कारण पुढच्या शेडचा मालक रोज फोन करत होता. मेंढ्या चिखलाने जड झालेल्या, लोकरीत गवताचे काटे, मशीन अडखळायचं. लाइलने छताच्या स्प्रिंगला टांगलेला पट्टा पहिल्यांदाच छातीखाली घेतला. त्यात वजन टाकून लोंबकळत कातरता येतं, पाठीला थोडा आधार होतो. एरवी बारक्याने ‘आजोबा झोपाळ्यावर बसले’ म्हणून शेड डोक्यावर घेतली असती. या वेळी तो काही बोलला नाही. लाइलला त्याचंच जास्त भय वाटलं.

शेवटच्या दिवशी एडके आले. एडके नेहमी शेवटी. शिंगांसकट दांडगे, दोन माणसांचं वजन. लाइलच्या वाट्याचा शेवटचा एडका पाठीवर पडता पडता एकदम मागच्या पायांनी उसळला. पट्टा सुटला. लाइल त्याला आवरायला गेला तेव्हा कमरेत ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो फक्त त्यालाच ऐकू आला. त्याने दात दाबले, एडक्याला गुडघ्यात धरलं आणि कातरून पुरा केला. मग सोडला. मशीन बंद केलं. रॉस शेजारून बघत होता. त्या बघण्यात सगळं कळलेलं होतं.

शेड संपल्यावर बर्फाच्या पेटीतून बिअर निघाली. लाइल खांबाला टेकून उभा होता.

“ही माझी शेवटची शेड,” तो म्हणाला. “मला झेपत नाही. मी घरी चाललो.”

त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. छप्पर कोसळलं नाही. हेमीने बाटली किंचित उचलली. बारक्या म्हणाला, “चला, एक खाट रिकामी झाली. आता माझे पाय ठेवायला जागा.”

“दोन,” रॉस म्हणाला. “मीपण.”

“अरे, मला दोन माणसं आणायची कुठून?” ग्वेंडा म्हणाली. मग तिने दोघांकडे नीट बघितलं, आणि आपली बाटली उघडून लाइलच्या हातात दिली.

कोरी हसला नाही. तो आपल्या उजव्या हाताची बोटं उघडमीट करत उभा होता. “छान झालं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतका हेवा होता की लाइलला त्याच्याकडे बघवेना. पुढच्या शेडवर तो जाणार होता.

निघताना रॉसने गाडीच्या खिडकीतून हात आत घातला, डावा. लाइल म्हणाला, “रविवारी जेवायला ये. नोलीन मटण करेल.” रॉस म्हणाला, “बघू.” त्याची गाडी दुसऱ्या दिशेला, रिकाम्या घराकडे वळली.

बालरॅनल्डच्या अलीकडच्या वळणावर लाइलने पिकअप थांबवली. उतरायला त्याला फार वेळ लागला. गाडीच्या दाराला पाठ लावून, टाचा जुळवून, खांदे मागे नेत तो इंचाइंचाने सरळ झाला. घाम फुटला. मग हळूहळू कमरेतली आग बसली आणि तिथे एक प्रकारचा बधिरपणा आला. आता बरं वाटतंय, असं तो मोठ्याने म्हणाला. जमलं. तसाच, मान हलू न देता, गाडीत बसला आणि घरापर्यंत आला.

नोलीनने गाडीचा आवाज ऐकला होता. ती ओसरीच्या पायऱ्या उतरून वाटेवर आली. बेकरी सुटल्यापासून तिच्या हातांवरचं पीठ गेलं होतं आणि तिला ते हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं. लाइल फाटकातून आत आला, एकेक पाऊल मोजून टाकत, आणि तिच्या समोर येऊन थांबला.

“आलो,” तो म्हणाला. “संपलं. या खेपेला खरंच.”

“आलास बाबा एकदाचा.” ती हसली. “आता इथे कुठे मेंढी आहे? सरळ हो ना.”

“सरळच उभा आहे,” लाइल म्हणाला.

नोलीनचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तो थट्टा करत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर, शाळेत कविता न चुकता म्हणून दाखवलेल्या मुलासारखं समाधान होतं. फक्त तो चेहरा तिच्या खांद्याच्या खाली होता, आणि तिच्याकडे बघायला त्याला भुवया वर कराव्या लागत होत्या. लग्नात ती त्याच्या छातीला लागायची. आता तिने गुडघे थोडे दुमडले, वाकली, आणि त्याच्या गालाला गाल लावला.

“हो रे,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “किती ताठ आलास.”